खोऱ्यात आधी कोण आलं

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत चहा-चिवडा झाला आणि ग्रामसेवकांनी सांगितलं की शाळेची दर्शनी भिंत रंगवायची आहे. एका बाजूला जिल्ह्याचा नकाशा, एका बाजूला पाढे आणि मधल्या मोठ्या जागेत आपल्या गावाचा इतिहास.

"पंधरा-वीस ओळी पुरे," ते म्हणाले. "गाव कोणी वसवलं, कसं वसवलं, झालं. दिवाळीच्या सुट्टीत पेंटर येईल. तोवर मजकूर तयार ठेवा."

ग्रामसेवक नवीन होते. गाव कोणी वसवलं हा प्रश्न आमच्या वाडीत विचारायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आमची वाडी औंढ्यापासून आत, दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आहे. मधून ओढा जातो. ओढ्याच्या अल्याड आम्हा शेतकऱ्यांची घरं, पल्याड धनगरांची. लग्न असो, मयत असो, कोणाची म्हैस विहिरीत पडो, दोन्ही काठची माणसं धावून येतात. पोरं एका शाळेत, देव एक, पिठाची गिरणी एक. फक्त खोऱ्यात आधी कोण आलं एवढं विचारा, की ओढा रुंद होतो.

माझे सासरे उभे राहिले. "त्याच्यात काय इचारायचं? गाव आमच्या खापरपणज्यानं वसवलं. लिवा."

पल्याडचे आबा त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच वर्गात शिकलेले. तेही उभे राहिले. "तुमचा खापरपणजा आला तवा आमची मेंढरं वड्यावर पाणी पिऊन राहिली व्हती. इचार त्याला!"

"आता त्याला कसं इचारू?"

"मंग गप बस."

सभा हसली, पण दोघं बसेनात. शेवटी शाळेच्या गुरुजींनी तोड काढली. "अंगणवाडीच्या ताईंना लिहू द्या. त्यांचं माहेर साखऱ्याचं. दोन्ही काठच्या नाहीत."

मी या वाडीत नांदायला आले त्याला बावीस वर्षं झाली. माझी दोन्ही लेकरं इथलं पाणी पिऊन वाढली, निम्म्या वाडीला मी अ-आ-इ शिकवलं. तरी मी साखऱ्याचीच. एरवी या गोष्टीचा मला राग आला असता. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या विश्वासानं पाहिलं की मी हो म्हणून बसले.

सुरुवात घरातून केली. रोजची भाकरी ज्यांच्या ताटात वाढते, त्या सासऱ्यांसमोर वही घेऊन बसले. त्यांनी धोतर बदललं, टोपी घातली आणि फोटो काढायचा असावा तसे ताठ बसले.

"लिव," ते म्हणाले. "आमचा खापरपणजा म्हंजी ढाण्या माणूस. ह्या खोऱ्यात तवा नुस्तं रान. दिवसा वाघ फिरायचा. त्यानं डोंगरावर उभं राहून खाली पाहिलं आन म्हनला, गाव बसंल तर हितंच बसंल. मंग वाघाला काठीनं हाणलं, रान तोडलं, नांगर धरला."

"मामा, वाघाला एकट्यानं हाणलं?"

"मंग काय, गडी लावला आसंल?"

"आणि पणजी?"

त्यांनी टोपी सारखी केली. "आसंल की. भाकरी करत आसंल."

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून आबांकडे गेले. आबांनी बाज टाकली, शेळीच्या दुधाचा चहा केला आणि मी वही उघडायच्या आधीच सुरू झाले. त्यांच्या गोष्टीत वाघ नव्हता, बोकड होता. आबांच्या पूर्वजाचा हा बोकड माणसापेक्षा शहाणा. कडक उन्हाळ्यात कळप तहानलेला, कुठं पाणी नाही. बोकडानं डोंगरावर नाक वर केलं, वास घेतला आणि सगळी मेंढरं घेऊन या खोऱ्यात उतरला ते थेट ओढ्याच्या डोहावर.

"बोकडाच्या मागं आमचा खापरपणजा, आन त्याच्या मागं समदं गाव," आबा म्हणाले. "हे बराबर लिवा. तुमच्या सासऱ्यानं वाघ सांगितला का?"

मी वहीचं पान उलटलं.

"सांगितलाच आसंल. ल्हानपणापून सांगून राहिलाय. आधी तो तरस व्हता. चौथीत गेल्यावर त्याचा वाघ झाला."

घरी आले तर सासरे ओट्यावर वाटच पाहत होते. "बोकड सांगितला का?" त्यांनी विचारलं आणि उत्तर न ऐकताच पोट धरून हसायला लागले.

पंधरा दिवसांत वही निम्मी भरली. दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी मला वाघ आणि बोकड आलटून पालटून सांगितले. वाघ दोनदा जखमी झाला, एकदा मेला. बोकडाला एका घरी शिंगं होती आणि दुसऱ्या घरी नव्हती. शाळेच्या भिंतीवर लिहिण्यासारखी एक ओळ हाती लागेना.

श्रावणातल्या सोमवारी मी औंढ्याला गेले. नागनाथाच्या दर्शनाची रांग मंदिराबाहेरपर्यंत आली होती. माझ्यापुढं एक म्हातारी होती. ऐंशीच्या घरातली, हिरवं लुगडं, हातात पितळेचा तांब्या. रांग हलेना तशी तिनं मला गाव विचारलं. मी वाडीचं नाव सांगितलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं.

"अगं बाई! ते तं माह्या आजीचं माहेर."

"कोणाकडच्या आजी तुमच्या? अल्याडच्या का पल्याडच्या?"

"कशाचं अल्याड-पल्याड? माही आजी जल्मली तवा तितं एकबी घर न्हवतं. रानात जल्मली ती. तिची माय—"

तेवढ्यात पुढून रांग सुटली, मागून लोट आला आणि आम्ही दोघी वेगळ्या झालो. तिनं माझ्याकडे वळून काहीतरी सांगितलं, पण घंटांच्या आवाजात मला फक्त एका गावाचं नाव ऐकू आलं, डोंगरकडा. दर्शन घेऊन बाहेर आले, पेढ्यांच्या दुकानांपासून एसटी स्टँडपर्यंत हिंडले. हिरवी लुगडी शंभर दिसली, ती काही दिसली नाही. त्या दिवशी नागनाथाकडे मी काय मागितलं ते मला आठवत नाही. घंटा वाजवतानासुद्धा डोक्यात तिचं ते अर्धं वाक्यच होतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आम्ही हळदीच्या वाफ्यात तण काढत होतो. ते तण उपटत वाफ्याच्या टोकापर्यंत गेले. मग म्हणाले, "आपल्या वड्याकाठच्या वावराला बाळंतिणीचं वावर काहून म्हणत असतील गं?"

मी खुरपं हातात धरून तशीच बसले. त्या वावरात मी बावीस वर्षं निंदलं, वेचलं, भाकरी खाल्ली. बाळंतिणीचं वावर, पिंपळाचं वावर, खालचं वावर. नावं नुसती तोंडात बसलेली असतात. ती बाळंतीण कोण, हे कधी मनातच आलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी नवऱ्याबरोबर मोटारसायकलवर डोंगरकडा गाठलं. गावात पोहोचल्यावर माझा सगळा शहाणपणा संपला. म्हातारीचं नाव मला माहीत नव्हतं. एका हॉटेलात चहा घेतला आणि मालकाला विचारलं, "श्रावणात सोमवारी औंढ्याला जाणारी, हिरव्या लुगड्याची एक आजी…"

तो हसला. "ताई, अर्धं डोंगरकडा जातंय की."

"तिच्या आजीचं माहेर औंढ्याकडच्या डोंगरात आहे."

"मंग असं सांगा ना!" पलीकडच्या बाकावरून एक जण म्हणाला. "ती आमची चुलती. लगीन असो का बारसं, तिची एकच गोष्ट असती: माही आजी रानात जल्मली, माही आजी रानात जल्मली. आमाला पाठ हाय, पन तिच्याच तोंडून ऐका."

केळीच्या बागेला लागून घर होतं. आजीनं मला पाहिलं आणि दारातूनच म्हणाली, "आलीस? मले वाटलंच येशील." आम्हाला हातपाय धुवायला पाणी दिलं, पिकलेल्या केळ्यांची फणी पुढ्यात ठेवली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच बोलीत जमेल तसं उतरवून घेतलं.

दुष्काळाचं साल होतं. खालच्या मुलखातल्या एका गावची विहीर आटली, तेव्हा एक नवराबायको बैलगाडीत बिऱ्हाड भरून निघाले. डोंगरापलीकडे त्याची बहीण दिली होती, तिच्या आसऱ्याला जायचं होतं. बायको दिवसांत होती. आमच्या खोऱ्याच्या उतारावर गाडीचा आस मोडला, चाक निखळून खाली गेलं, आणि त्या धक्क्यानं बाईला कळा सुरू झाल्या.

"नवऱ्यानं काय केलं असंल?" आजीनं मला विचारलं.

"काय केलं?"

"चाकाच्या मागं पळाला!" आजी टाळी देऊन हसली. "गडीमाणूस. त्याले चाक सुचलं."

खोऱ्यात तेव्हा घर नव्हतं, पण माणसं होती. दर उन्हाळ्यात एक धनगर आणि त्याची बायको डोहाच्या पाण्यासाठी मेंढरं घेऊन तिथं उतरायचे. त्या धनगरणीनं बाईचं ओरडणं ऐकलं. तिला स्वतःला लेकरू नव्हतं, पण आयुष्यभर मेंढ्यांची बाळंतपणं केलेली. तिनं नवऱ्याला जाळ करायला लावला, लोकर कातरायची कात्री त्यात तापवून घेतली आणि त्याच कात्रीनं नाळ कापली. मुलगी झाली. तिला घोंगडीत गुंडाळलं. बाळंतिणीला बकरीचं दूध पाजलं.

नवरा चाक घेऊन परत आला तेव्हा बाप झालेला होता.

सव्वा महिना बाळंतिणीला हलवायचं नाही, असं धनगरणीनं ठरवून टाकलं. नवऱ्यानं बाभळीचा नवा आस घडवला, तो आठ दिवसांत झाला. मग रिकामं बसून काय करायचं? मेंढरं बसून बसून लेंड्यांच्या खतानं ओढ्याकाठची जमीन काळीभोर झाली होती. ती त्यानं उकरली. तेवढ्यात पाऊस आला. बहिणीकडे पेरायला म्हणून ज्वारीचं बी बरोबर होतं, त्यातलं थोडं त्यानं टाकून पाहिलं. सव्वा महिना संपला तेव्हा ज्वारी गुडघ्याला लागली होती.

"उभं पीक टाकून कोण जातंय सांग?" आजी म्हणाली. "ऱ्हायले. धनगर मातर पावसात आपल्या गावाकडं निघाले. पन ती बाई जाऊन जाऊन वळून बघे. लेकरावर जीव जडला व्हता. दिवाळीनंतर परत आले ते घरच बांधलं, वड्याच्या पल्याड. मंग तिलेबी लेकरं झाली. माही आजी दोन्ही घरी जेवायची. एकीले माय म्हने आन एकीले आई."

"मग तिला गावानं विसरून कसं टाकलं?"

आजीनं केळ्याचं साल बाजूला ठेवलं. "लेकीचं असंच असतं बाई. हिकडं लगीन करून दिली. भाऊ व्हते तवर माहेराहून बोलावणं यायचं. भाऊ गेले, मंग कोण बोलावतं? माह्या मायनं ते गाव पाहिलं न्हाई, म्याबी न्हाई. नुस्ती गोष्ट ऐकली."

ती हे हसतच बोलली. परत येताना मात्र मी नवऱ्याला दोनदा गाडी थांबवायला लावली, एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगीच.

दुसऱ्या दिवशी सासरे आणि आबा या दोघांना शाळेच्या ओट्यावर एकत्र बसवलं. गुरुजी साक्षीला होते. मी सगळं वाचून दाखवलं.

मग सासरे हळूच म्हणाले, "आस मोडला म्हून थांबले?"

"हो मामा."

"म्हंजी वाघ न्हवताच?"

"आजींनी तरी सांगितला नाही."

आबांना हसू आवरेना. "चाकामागं पळाला तुहा खापरपणजा!"

"आन तुहा बोकड कुठं हाय त्याच्यात?" सासऱ्यांनी विचारलं. "एका शब्दानं तरी बोकड आला का?"

"बोकड ऱ्हाऊ दे. आमची माणसं आधी आली व्हती, हे तं बराबर निघालं."

"आली व्हती आन गेली व्हती! ऱ्हायलं कोण? आमी. पयलं घर आमचं."

"पयला जाळ आमचा!"

मी कपाळाला हात लावला. एवढं हिंडून आले आणि भांडण होतं तिथंच, फक्त वाघ आणि बोकड तेवढे गेले. गुरुजींनी खडू घेतला, फळ्यावर काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "धनगर व शेतकरी" लिहिलं की सासरे हरकत घेत, "शेतकरी व धनगर" लिहिलं की आबा.

शेवटी मला राग आला. मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: या खोऱ्यात सर्वांत आधी जन्मली ती एक मुलगी.

दोघांनी वाचलं. सासऱ्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचलं, त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

"आमचीच लेक ती," ते म्हणाले.

"जल्माला आणली आमच्या बाईनं," आबा म्हणाले.

"व्हय. ते खरं हाय." सासऱ्यांनी आबांसमोर कबूल केलेली ही पहिलीच गोष्ट असावी. आबांनी चकित होऊन गुरुजींकडे पाहिलं, साक्षीला ते होतेच. मग सासऱ्यांनीच विचारलं, "त्या डोंगरकड्याच्या बाईला भाऊबिजेला आणायचं का? लेकीची नात हाय. माहेर दाखवायला पायजे."

पेंटर दिवाळीच्या आधी दोन दिवस आला. त्यानं मजकूर निळ्या रंगात लिहिला, वर बैलगाडी आणि खाली मेंढरं काढली. मेंढरं चांगली जमली, बैल जरा कुत्र्यासारखे झाले. आबा रोज येऊन बैलांकडे पाहायचे आणि समाधानानं परत जायचे.

भाऊबिजेला आजी जीपमधून आली, सुनेला घेऊन. उतारावर तिनं जीप थांबवायला लावली आणि शेवटचा तुकडा पायी उतरली. तिला आणायला अल्याडची आणि पल्याडची मिळून पन्नासेक माणसं गेली होती. सासऱ्यांनी आणि आबांनी एकाच वेळी देवळापुढं शेजारी शेजारी पाट मांडले, एकानं डावीकडं, दुसऱ्यानं उजवीकडं. आजीनं दोन्ही पाटांकडे पाहिलं.

"एकावर बसते, एकावर पाय ठेवते," ती म्हणाली. "गुडघ्याची तकलीफ हाय मले."

कोणाच्या पाटावर बसली, यावर नंतर दोन दिवस चर्चा झाली. पण तिनं दोघांनाही ओवाळलं, दोघांच्याही ताटात तेवढंच तूप वाढलं आणि दोघांच्याही साड्या घेतल्या.

शाळेच्या भिंतीपुढं मात्र ती बराच वेळ उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाली, "तू न्हाई. पोरीनं वाचू दे." चौथीतली एक मुलगी पुढं झाली आणि अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली. "या खोऱ्यात सर्वांत आधी जन्मली ती…" आजी प्रत्येक ओळीला मान हलवत होती, जणू चुकलं तर सांगणार होती. वाचून झाल्यावर तिनं भिंतीवर हात फिरवला. रंग वाळलेला होता.

"माह्या आजीले लई मजा वाटली असती," ती एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून पोरीला जवळ घेतलं.

संध्याकाळी तिला बाळंतिणीचं वावर पाहायचं होतं. कापूस फुटला होता. सासरे म्हणाले, जन्म वरच्या अंगाला झाला, गाडी तिथंच मोडली असणार. आबा म्हणाले, खालच्या अंगाला, डोहाजवळ, मेंढरं तिथंच बसायची. दोघं हातवारे करत असताना आजी मधल्या बांधावरच्या पळसाखाली जाऊन बसली. "हितं सावली हाय," ती म्हणाली. "माही पणजी शहाणी व्हती. हितंच बसली आसंल." दोघंही तिच्या दोन बाजूंना बसले. माझ्या सूनबाईपणाच्या बावीस वर्षांत त्या दोघांना इतका वेळ न भांडता एका बांधावर बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

ती चार दिवस राहिली, दोन अल्याड, दोन पल्याड. जाताना आमच्या घरून हळद आणि ज्वारी दिली, नवी तूर निघाली की पाठवू असं सांगितलं. पल्याडहून घोंगडी, आणि आबांनी उचलून आणलेलं बकरीचं काळं-पांढरं पिल्लू. सुनेनं कपाळाला हात लावला. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, जीपमधी नको." आजीनं ऐकलंच नाही. घोंगडी मांडीवर पसरली, त्यावर पिल्लू घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"हळू चालव," तिनं ड्रायव्हरला बजावलं. "लेकरू हाय मांडीवर."

पिल्लू ओरडलं, जीप चढाला लागली, आणि आम्ही बायका कापूस वेचायला वावराकडे वळलो. निम्मा दिवस गेलाच होता.